बोहनीचा पलंग

“साडेसहा,” मी म्हणालो आणि खिशातला फोन वाजला.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, मधु सेठच्या दुकानात मी एका लोखंडी पलंगासमोर उभा होतो. आजारी माणसासाठी असतो तसला पलंग. पायाकडचं हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. वापरलेलाच होता, पण रंग नवा मारलेला. सेठने साडेनऊ हजार सांगितले होते. मी चारपासून सुरू केलं होतं. पाऊण तास आमचं चाललं होतं. मध्ये चहा झाला. सेठने दोनदा कपाळाला हात लावला. एकदा मी पायरी उतरून रस्त्यापर्यंत गेलो, तेव्हा त्याने मागून हाक मारली. बासष्ट वर्षांत मी पहिल्यांदा भाव करत होतो आणि मला ते जमत होतं.

फोन जिज्ञासाचा होता. माझी मुलगी. ती हॉस्पिटलात आईपाशी, ठमापाशी बसली होती.

“बाबा, कुठे आहात?”

“उल्हासनगरलाच. जमलं बघ. साडेसहाला देतोय असं वाटतंय. साडेनऊ सांगत होता—”

“बाबा.”

“हँडल मी स्वतः फिरवून बघितलं. जरा ऑइल लागेल, ते मी घरी—”

“बाबा, राहू दे पलंग.”

तेवढ्यात मधु सेठने टेबलावर थाप मारली. “चला भाऊ, तुमचं राहिलं. साडेसहा. बोहनीचा टाइम आहे, ना नाही बोलत.” फोनवरचं त्याला ऐकू गेलं नव्हतं.

ठमा गेल्याचं मला असं कळलं. एका कानात मुलगी रडत होती, दुसऱ्या कानात सौदा पटला होता. मी सेठला काही बोललो नाही. पायरी उतरलो, रिक्षा पकडली आणि अंबरनाथला हॉस्पिटलात गेलो.

*

मी कैलास. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत चौतीस वर्षं फिटर होतो. फिटरच्या कामात मापाला महत्त्व. बत्तीस एमएमचा बुश लागतो तिथे बत्तीसच लागतो. तीस नको, चौतीस नको, चला बत्तीस धरू, असं तिथे कोणी करत नाही. त्यामुळे असेल, मला बाजारात भाव करायची लाज वाटायची. दुकानदार सांगेल ते मी देऊन मोकळा व्हायचो.

ठमाचं उलट होतं. ती सोनिवली गावची. तिचे वडील बाळा बैलांचे दलाल होते. म्हसा गावच्या यात्रेत टॉवेलखाली हात घालून बोटांवर सौदे करायचे. तोंडाने एक बोलायचे, बोटांनी दुसरं. ठमा लहान असताना त्यांच्या बाजूला बसून असायची. शाळा चौथीपर्यंत, पण भाव करायचं सगळं तिने तिथे बघून घेतलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बदलापूर गावातल्या बाजारातून सुरमई घेऊन आलो. तिने पिशवीत बघितलं आणि विचारलं, “कवऱ्याला आनली?”

मी सांगितलं.

“त्यानं सांगितलं तवरं दिलं?”

“हो. मग?”

“मग काय. तुमाला पन मी भाव न करता घेतलं. म्हनून अशे निघाले.”

हे वाक्य तिने पुढे पस्तीस वर्षं वापरलं. जावयासमोरसुद्धा.

तिच्याकडे शब्द ठरलेले होते. कुठला शब्द कधी वापरायचा आणि कधी नाही, हे ती मला शिकवायची. ‘केवढ्याला दिलं’ असं विचारायचं नाही, ‘कसं लावलं’ असं विचारायचं. लावलेला भाव काढता येतो, असं ती म्हणायची. ‘कमी करा’ हा शब्द तिला अजिबात चालायचा नाही.

“कमी करा काय बोलता? भिकारी हाव का आपन? ‘बरोबर लाव’ बोलायचं. म्हंजे त्यानं चूक लावलंय, ते त्याला कलतं.”

‘शेवटचं सांगा’ हे तर कधीच विचारायचं नाही. “एकदा शेवटचं इचारलं की पुढं बोलाय काय ऱ्हातं?” ‘बघते’ म्हणजे घ्यायचं आहे. समोरचा ‘परवडत नाही’ म्हणाला तर अजून जागा आहे आणि गप्प बसला तर जागा संपली. ‘तुमचं नको, माझं नको’ असं म्हणून दुकानदार मधला आकडा काढतो, तो पहिल्या वेळी घ्यायचा नाही, दुसऱ्या वेळी घ्यायचा. बोहनीच्या वेळेला फार ताणायचं नाही, आणि ताणलं तर न घेता उठायचं नाही. पहिलं गिऱ्हाईक तसंच गेलं तर त्याचा अख्खा दिवस वाया जातो, असं दुकानदार मानतात. तिला ते पटायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आकड्याची. आपल्या तोंडातून आकडा गेला आणि समोरचा हो म्हणाला की माल आपला झाला. मग माघार नाही. एकदा तिने बाजारात एका बाईला दगडी पाट्याचा भाव गंमत म्हणून निम्म्याहून खाली मागितला. बाईला घरी जायची घाई होती. ती म्हणाली, “ने.” आमच्या घरी पाटा होता. तरी ठमाने पैसे दिले. बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्यापर्यंत पाटा मी खांद्यावरून आणला आणि वाटेत तीनदा टेकवला. आमच्याकडे दोन पाटे आहेत.

मोठी खरेदी असली की ती मला बरोबर घ्यायची. आम्ही दुकानात शेजारी बसायचो. पदराखाली तिचा हात माझ्या हातावर असायचा. वडिलांसारखी बोटांची सगळी भाषा तिने मला शिकवायचा प्रयत्न केला, पण माझ्या डोक्यात राहिली नाही. शेवटी तिने एकच खूण ठेवली. तिने माझा अंगठा दाबला की उठायचं. मग काहीही चाललेलं असो, दुकानदार काहीही बोलत असो. उठायचं, पायरी उतरायची आणि सरळ चालायचं. मागे वळून बघायचं नाही.

मला ते कठीण जायचं. मागून माणूस हाक मारतोय आणि आपण बहिऱ्यासारखं चालायचं. मी वळायचो. मग घरापर्यंत ऐकायला लागायचं. “तुमी वललात, त्याला कललं. पाचशे रुपये तुमच्या मानेमुलं गेले.”

मधु सेठची आणि आमची ओळख अशाच खरेदीतली. जिज्ञासाच्या लग्नात लाल कपाट घ्यायचं होतं. दीड तास बसलो होतो. ठमाने अंगठा दाबला, आम्ही उठलो. सेठने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. ठमाने पदराखाली माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तिसऱ्या हाकेला ती थांबली, कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी. माझ्या हातावर तिच्या बांगडीचा वळ उठला होता. कपाट तिच्या भावाने आलं.

*

गणपती झाल्यावर आठवड्याने ती दारात मेथी निवडत बसली होती. जुडी हातातून पडली. उचलायला गेली तर हात उचलेना. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. ठमाचं बोलणं.

अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. रोज सकाळी यायच्या, डोळ्यांत बॅटरी मारायच्या, पायाला टोचून बघायच्या. “बघू या अजून दोन दिवस,” म्हणायच्या. दोन दिवस झाले की परत दोन दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा धीर सुटला.

“डॉक्टर, शेवटचं सांगा,” मी म्हणालो.

“शेवटचं असं काही नसतं हो काका. दोन दिवस बघू या.”

माझं लक्ष ठमाकडे गेलं. ती माझ्याकडेच बघत होती. तोंडाची डावी बाजू जरा हलली. मी चुकीचा शब्द वापरला, ते तिने पकडलं होतं. जिज्ञासा म्हणते, तुम्हाला वाटलं असेल. असेल.

सातव्या दिवशी दुपारी मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो. तिने डावा हात चादरीतून सरकवला आणि माझा हात धरला. बोटांनी चाचपत अंगठ्यावर आली आणि दाबला.

मला लगेच कळलं. अंगठ्याचा दुसरा अर्थच नव्हता आमच्यात. उठा. चला इथून.

मी म्हणालो, “ठमा, दोन दिवस थांब. डॉक्टर बोलल्यात.”

तिने परत दाबला.

आठव्या दिवशी परत. नवव्या दिवशी तर मी स्टुलावर बसल्या बसल्याच दाबला. पस्तीस वर्षं मी मागे वळून बघायचो, पण अंगठा दाबल्यावर उठलो नाही असं कधी झालं नव्हतं. या वेळी मी तीन दिवस बसून राहिलो. डॉक्टरांशी दिवसांची घासाघीस करत राहिलो. अजून दोन, अजून दोन.

दहाव्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, घरी न्यायचं तर? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नेता येईल, पण डोकं वर राहायला हवं, साध्या कॉटवर चालणार नाही. हँडलचा पलंग लागेल. उद्या दुपारी सोडू.

“भाड्याने मिळतो बाबा,” जिज्ञासा म्हणाली. “फोन केला की संध्याकाळी घरपोच देतात. मी बघते.”

“भाड्याचा कशाला? तिला महिनोन् महिने लागेल. विकत घेऊ. मधु सेठकडे असतात तसले, मी बघितलेत.”

“तुम्ही जाणार? तो सांगेल ते देऊन याल.”

ठमा ऐकत होती. मी तिच्याकडे वाकून म्हणालो, “भाव करून आणतो. बघच तू.”

तिने माझा हात दाबला. अंगठा नाही, सगळा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी निघालो. दाराशी गेलो तेव्हा मला वाटलं, ती बघते आहे. पाठीवर कळतं ते. आणि मी वळलो नाही. मला वाटलं, हेच तर तिने शिकवलंय. आज जमवायचंच. बूट न वाजवता, मान ताठ ठेवून मी दारातून बाहेर गेलो. मनात मी खूश होतो. आता हे लिहितानाही मला तेच आठवतं, की मी खूश होतो.

*

ती अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली. मला फोन सव्वाअकराला आला.

मी हिशेब करून बघितला आहे. सेठने साडेनऊ सांगितले तेव्हा साडेदहा वाजत होते. तेव्हाच पैसे देऊन निघालो असतो तर रिक्षाने पावणेअकराला, फार तर अकराला पोचलो असतो. म्हणजे दहा मिनिटं मिळाली असती. पण मग पलंग टेम्पोत टाकून हेंद्रेपाड्याला न्यायचा होता, तिसऱ्या मजल्यावर चढवायचा होता. मी टेम्पोबरोबर बदलापूरला गेलो असतो, हॉस्पिटलात नाही. म्हणजे तरीही पोचलो नसतो. हा हिशेब मी रोज करतो. कधी पोचतो, कधी पोचत नाही.

ती गेल्यावर अकराव्या दिवशी पाहुणे गेले. जिज्ञासा ओट्यापाशी भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, “बाबा, एक सांगू का?”

“सांग.”

“तुम्ही त्या दिवशी निघालात ना, तेव्हा आईने हात वर केला होता. डावा.”

“बोलवत होती?”

“माहीत नाही. नुसता वर केला. थोडा वेळ तसाच धरला, मग खाली ठेवला.”

“तू हाक का नाही मारलीस मला?”

ती वळली. हातात वाटी होती. “मला वाटलं तुम्ही वळाल. आजारी माणसाजवळून जाताना सगळेच वळतात, बाबा.”

तिला आमची खूण माहीत नव्हती. अंगठ्याचं आम्ही कोणालाच सांगितलेलं नव्हतं. पदराखालचं ते पदराखाली. मी म्हणालो, “लक्षात नाही आलं.” ती परत भांडी लावू लागली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते, जेवलात का विचारते, पण काहीतरी मध्ये आहे. मलाही ते काढता येत नाही.

ती सासरी गेल्यावर भाजी मी आणू लागलो. आमच्या नाक्यावर द्रौपदी बसते. ठमा आणि ती वीस वर्षं रोज भांडायच्या. अनोळखी माणसाला वाटावं, आता मारामारी होणार.

“दहाला जुडी? सोनं बांधलंय काय आत?”

“सोनं असतं तं मी हितं बसली असती काय ठमाताय? घे, आठ दे.”

“सात. न् कोथमीर वर.”

“कोथमीर वर, मिरची वर, आता मी पन येते तुज्या घरी पिशवीत बसून.”

द्रौपदीने पुढे फोनवर पैसे घ्यायचा कागद लावला, तेव्हा ठमा म्हणाली होती, “ह्याच्यावर भाव कसा करायचा? कागद काय बोलतो?” ती शेवटपर्यंत रोख द्यायची.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा द्रौपदीने मान वर केली नाही. मेथी, दोन वांगी, टोमॅटो पिशवीत घातले. “पन्नास,” म्हणाली. नेहमीपेक्षा कमी सांगितले होते, ते मलासुद्धा कळलं. मी पन्नास दिले. असं आठवडाभर चाललं. एके दिवशी तिने पिशवी हातात धरून ठेवली.

“भाऊ, तुमी काय बोलतच नाय.”

“काय बोलू?”

“भाव करा ना. तुमी काय बोलत नाय, न् मी आपली कमी सांगते. मना रोज वाटतं, माजं कायतरी चुकलं.”

मागे दोन बायका उभ्या होत्या. मी घसा साफ केला. म्हणालो, “बरोबर लाव.”

द्रौपदीने पदर तोंडाला लावला. मागच्या बायकांना काय झालं ते कळेना. मी पिशवी घेऊन घरी आलो. पैसे द्यायचे राहिले म्हणून संध्याकाळी परत गेलो, तर ती उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी दिले.

*

पण मला पलंगाचं टोचत होतं. आकडा माझ्या तोंडातून गेला होता. सेठ हो म्हणाला होता. तीही बोहनीची वेळ. आणि मी न बोलता उठून आलो होतो. ठमा असती तर पाट्यासारखा तो पलंगही घरी आला असता, मग घरात जागा असो नसो. सव्वा महिना झाल्यावर मी साडेसहा हजार पाकिटात घातले आणि उल्हासनगरला गेलो.

दुकानाच्या बाहेर ताडपत्रीखाली काहीतरी होतं. डोक्याकडची बाजू बाहेर दिसत होती. त्यावर खडूने लिहिलेलं होतं, ‘बुक’.

मधु सेठ मला बघून उठला. “आओ भाऊ. बसा.” त्याने पंखा माझ्याकडे वळवला. “भाभी?”

मी मान हलवली.

तो बसला. म्हणाला, “मला त्याच दिवशी समजलं होतं. माणूस बोहनी अशी टाकून नाही जात. फोन आला आणि तुमचं तोंड बघितलं मी.” मग म्हणाला, “कपाटवाली भाभी ना? लाल कपाट. साईं, तीस वर्षं इथे बसतो मी. एका गिऱ्हाईकाला तीन हाका कधी मारल्या नाहीत. तिला मारल्या. पहिल्या दोन तिला ऐकायलाच नाही गेल्या.”

“ऐकल्या होत्या,” मी म्हणालो. “माझा हात धरून ठेवला होता तिने. मी वळू नये म्हणून.”

सेठ हसला. हसता हसता थांबला आणि चष्मा काढून शर्टाला पुसू लागला.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. “मोजून घ्या.”

“हे काय?”

“साडेसहा. आपलं ठरलं होतं.”

“भाऊ, पलंग नेऊन करणार काय?”

“माहीत नाही.”

“मग मी कशाला घेऊ? झोपणारा माणूस नाही तर पलंग कसला विकू मी?” त्याने पाकीट माझ्याकडे सरकवलं.

“तुमचं नुकसान झालं. महिनाभर बाहेर पडून आहे.”

“नुकसान काय. एक जण सात देत होता.”

“मग द्यायचा होता.”

“कसा देणार? जबान झाली होती.” तो मला समजावत असल्यासारखा बोलत होता. “माझा बाप पण असाच होता. बोहनीचा सौदा म्हणजे सौदा. गिऱ्हाईक आलं नाही तर माल ठेवायचा.”

मी पाकीट परत त्याच्याकडे सरकवलं. त्याने परत माझ्याकडे. समोरच्या दुकानातल्या माणसाला वाटलं असेल, आमचं भांडण चाललंय. मी म्हणालो, “निदान भाडं घ्या. दोन हजार.” तो म्हणाला, “एक पैसा नाही.” मी म्हणालो, “हजार.” तो म्हणाला, “भाऊ, उलटा भाव करताय तुम्ही. भाभीने हेच शिकवलं काय?”

मग तो जरा पुढे वाकला. हळू बोलला.

“ऐका. एक रस्ता आहे. बाप करायचा माझा. गिऱ्हाईकावर वेळ आली, सौदा पुरा होत नाही, पण दोघांची जबान गेलेली आहे. मग बाप त्याला सांगायचा, कमी बोल. गिऱ्हाईक कमी बोलणार, बाप नाही बोलणार. झालं. सौदा तुटला. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही. भाव जमला नाही म्हणून. तुम्ही पण मोकळे, मी पण मोकळा.” त्याने हात पुढे केला. “चला. पाच बोला.”

मी पाकिटाकडे बघत राहिलो.

“पाच नको. चार बोला. पहिलं तुम्ही चारच बोलला होता. मी लगेच नाही बोलतो.”

सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता. ठमानेही मला हेच सांगितलं असतं कदाचित. ती हट्टी होती, पण सौद्याच्या बाबतीत शहाणी होती. मी तोंड उघडलं.

साडेनऊचे साडेसहा. तीन हजार उतरवले होते मी. पाऊण तास उभं राहून. घरी काहीही आणलं की ती विचारायची, ‘कवऱ्याला आनलं?’ आणि मी खाली मान घालून सांगायचो. कधी दहा-वीस रुपये कमी करून सांगायचो, तरी ती पकडायची. हा एकच आकडा होता, जो मला तिला सांगायचा होता. रिक्षातून जाताना, मुलगी फोनवर रडत असताना, तेव्हाही माझ्या डोक्यात तो होता. साडेसहा. तिच्या पायाशी उभा राहिलो तेव्हाही तोंडात होता. लोक होते म्हणून बोललो नाही.

आता त्याच्या जागी मी चार कसं बोलू?

“बोला भाऊ,” सेठ म्हणाला. “नुसतं बोलायचंय.”

“बघतो,” मी म्हणालो.

सेठने पाकीट माझ्या हातात दिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग सोडला. मी पायरी उतरलो. चालायला लागलो. रसवंती आता तिथे नाही, मोबाइलचं दुकान झालंय. तिथपर्यंत गेलो नाही. आठ-दहा पावलांवरच थांबलो आणि मागे वळून बघितलं.

सेठ ताडपत्री नीट करत होता. खडूवर पाणी जाऊ नये म्हणून डोक्याकडची बाजूही झाकली. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने हाक मारली नाही.

याला आता सहा महिने झाले. पलंग तिथेच आहे. मी पैसे दिलेले नाहीत, आणि कमी आकडाही अजून बोललेलो नाही.